गजभिये मॅडमची मुद्दामची चूक

गजभिये मॅडम वर्गात रोज एक खोटं बोलायच्या. सगळ्या शाळेला ते माहीत होतं, मुलांच्या आईबापांनाही माहीत होतं, आणि तरी त्यांच्याइतकं सरळ माणूस आमच्या स्टाफरूममध्ये दुसरं नव्हतं. बाकी आम्ही मंडळी वर्गात खरं बोलायचो आणि स्टाफरूममध्ये आलो की मोकळे सुटायचो. त्यांचं उलटं होतं.

सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची शाळा आहे. एका संस्थेची, नववी ते बारावी. शिकवणं हिंदीतून, मुलं घरी बोलतात मराठी, आणि मधल्या सुट्टीत दोन्हीची खिचडी. मी हिंदी शिकवतो. माझा वर्ग आणि मॅडमचा जीवशास्त्राचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती. भिंत म्हणायचं ते आपलं मानायचं म्हणून. पलीकडे कोणी खडू मोडला तरी अलीकडे ऐकू यायचं.

मी नवा नवा लागलो होतो तेव्हाची गोष्ट. मी समास शिकवत होतो आणि पलीकडून मॅडमचा आवाज आला, "झाडं दिवसा श्वास घेत नाहीत. फक्त रात्री घेतात. म्हणून रात्री झाडाखाली झोपू नये." मी मनातल्या मनात मान डोलावली. आमच्या आईनेही मला हेच सांगितलं होतं. मग पलीकडे एकदम शांतता. इतका वेळ शांतता, की मॅडमना घेरी वगैरे आली की काय असं मला वाटायला लागलं. मी उठणार तेवढ्यात एका मुलीचा आवाज आला.

"मॅडम, गलत हाय."

"काहून?"

"दिवसा श्वास नाही घेतला तं झाड दिवसभर जिवंत कसं राहीन?"

"शाबास," मॅडम म्हणाल्या आणि डस्टर टेबलावर दोनदा आपटलं. मग झाड दिवसाही श्वास घेतं, पण दिवसा त्याचा स्वयंपाक जोरात चालू असल्यामुळे तो श्वास आपल्याला कळत नाही, असं त्यांनी इतकं छान समजावलं की माझी समासाची मुलंही तिकडेच कान देऊन बसली. मी मात्र आईसकट चूक ठरलो होतो.

चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, हा काय प्रकार आहे. त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या, "खरं खरं सांगतलं का पोट्टे लिहून घेतात सर, न झोपतात. रोज यातलं एक खोटं हाय, पण कोणतं ते माहीत नाही, असं म्हटलं का सगळंच ऐका लागते."

ठेंगण्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि पर्समध्ये बायकांच्या पर्समध्ये असतं त्यातलं काहीही नाही. कपाशीचं किडकं बोंड, गोगलगाईचा शंख, एखादं वाळकं मुळाचं जाळं. त्यांच्याकडे दोन डबे असायचे. एकात पोळीभाजी, दुसऱ्यात संत्र्याच्या पानांवरच्या अळ्या, ज्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि पुढे त्यांची फुलपाखरं होतात. दोन्ही डबे सारखेच. आमचे रसायनाचे भोयर सर एकदा भुकेच्या भरात चुकीचा डबा उघडून बसले. तेव्हापासून ते मॅडमच्या शेजारी बसून जेवायचे नाहीत, आणि मॅडम रोज न चुकता त्यांना "घ्या ना सर थोडंसं" म्हणून डबा पुढे करायच्या.

त्यांच्या शिकवण्यातला खरा भाग ती शांतता होती. चूक सांगून झाली की त्या हात मागे बांधायच्या आणि खिडकीबाहेर रस्त्याकडे बघत उभ्या राहायच्या, नागपूरची गाडी यायची वेळ झाल्यासारख्या. मदत करायच्या नाहीत, खाणाखुणा करायच्या नाहीत. मला हे कधी जमलं नाही. मी प्रश्न विचारतो आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच देऊन मोकळा होतो.

पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. वर्गात केलेली चूक वर्गातच ठेवून त्या घरी गेल्या नाहीत. तासाची घंटा झाली आणि कोणी पकडली नाही, तर त्या दारात आडव्या उभ्या राहायच्या. मुलांच्या बसा चुकायच्या, बोरगावची पोरं कटकट करायची, पण चूक सापडल्याशिवाय सुटका नसायची. एकदा तास चालू असतानाच वडील पडल्याचा निरोप आला. सौंसरच्या नगरपालिकेतून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ, घरी दुसरं कोणी नाही. त्या तशाच निघाल्या. थोड्या वेळाने मला फोन. आवाजात धाप होती.

"सर, अकरावीत जा पयले. मी सांगून आली का सगळ्या धमन्यांत शुद्ध रक्त असते. तसं नाही. फुफ्फुस धमनीत अशुद्ध असते. तेवढं सांगा."

"मॅडम, वडील कसे आहेत?"

"बसमध्ये हाय मी, जाऊन राहिली. तुमी वर्गात जा ना."

मी तळहातावर फुफ्फुस धमनी लिहून अकरावीच्या वर्गात गेलो आणि हिंदीच्या मास्तरने रक्ताभिसरण शिकवलं. मुलं पोट धरून हसली, पण त्यांना कळलं. संध्याकाळी मॅडमचा पुन्हा फोन आला. वडिलांचा पाय मोडला होता, हे त्यांनी दुसऱ्या वाक्यात सांगितलं. पहिल्या वाक्यात विचारलं, "सांगतलं ना?"

आमची जीवशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, बरणीतला एक साप आणि एक सूक्ष्मदर्शक. त्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू घसरलेला होता. नळी वर केली की ती आपली हळूहळू खाली यायची. मुलांना कांद्याच्या पेशींऐवजी स्वतःच्या पापण्या दिसायच्या. मॅडम दरवर्षी नवा सूक्ष्मदर्शक मागायच्या आणि दरवर्षी प्राचार्य साहेब "पाहू" म्हणायचे. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांच्याही वर संस्था होती आणि तीही "पाहू" म्हणायची.

मग एका कंपनीने आसपासच्या शाळांना व्हर्च्युअल लॅब द्यायचं ठरवलं आणि आमचा नंबर लागला. एक मोठा पडदा, काही संगणक, वीज गेली तरी चालावी म्हणून बॅटरी. इंटरनेट नसलं तरी अडू नये म्हणून सगळे प्रयोग संगणकातच भरलेले. उद्घाटनाला हारतुरे झाले आणि कंपनीच्या माणसाने पडद्यावर पेशीचं विभाजन लावलं. आतले धागे एका ओळीत आले, ताणले गेले, दोन्हीकडे ओढले गेले आणि एका पेशीच्या दोन झाल्या. मॅडम खुर्चीतून उठून पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "पुन्हा लावा," म्हणाल्या. पुन्हा लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इतकी वर्षं मी हे फळ्यावर काढून राहिली सर. तुकडे तुकडे काढून. हे असं हलते, हे मी बी आज पाहिलं."

हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढची गोष्ट ऐकून लोक म्हणतात, मशीन आलं आणि बाईंचं नुकसान झालं. मशीनवर त्यांच्याइतकं प्रेम आमच्यापैकी कोणीही केलं नाही. आम्ही बाकीचे तर चप्पल बाहेर काढायची म्हणून त्या खोलीत जायलाही कंटाळायचो.

एकच अडचण होती. त्या लॅबमधली बाई बोलायची इंग्रजीत, तेही घशातल्या घशात. मुलं शहाण्यासारखी बसून राहायची, म्हणजे काहीही न कळता. मॅडमनी ठरवलं, आवाज आपला भरायचा. शाळा सुटली की सापाच्या खोलीत पंखा बंद करून, घामाघूम होऊन त्या फोनमध्ये बोलायच्या. बोलणं घरचंच, पण मधले पुस्तकी हिंदी शब्द तपासायला मला बसवलं होतं. दर प्रयोगात त्यांनी रिवाजाप्रमाणे एक चूक घातली, आणि चुकीनंतर गप्प राहिल्या. समोर वर्ग नाही, मुलं नाहीत, तरी हात मागे बांधून खिडकीबाहेर बघत उभ्या. मला श्वासही हळू घ्यावा लागायचा.

मी म्हटलं, "मॅडम, गप्प राहून नुसतं शाबास म्हणता आणि पुढे जाता. शेवटी खरं काय तेही बोलून टाका."

"मंग पोट्टे शेवटाचीच वाट पाहत बसतीन. अन् सांगाले मी हाय ना तिथं," त्या म्हणाल्या. "मशीन चुकते, हे त्याईले कळू द्या. नाहीतं त्याच्यावर कोनी शंकाच नाही घेणार."

त्या वर्षी लॅबमध्ये जे चालायचं ते बघायला मी माझा रिकामा तास तिथे घालवायचो. एक प्रयोग होता रोपाला पाणी देण्याचा. पडद्यावर कुंडीत घेवड्याचं रोप, बटण दाबलं की पाणी, नाही दाबलं की पानं मलूल. मॅडमचा आवाज म्हणाला, "पानं मलूल झाली? घाबरू नका. पाणी देऊ नका. जितका ताण देसान, तितकं झाड फुलीन." आणि मग ती शांतता. इथे त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि त्या रस्त्याकडे बघायला लागल्या.

आमच्या भागातल्या मुलाला यात खोटं काही वाटणार नाही. संत्र्याच्या बागेचा बहर धरायचा तर आधी पाणी तोडावंच लागतं. पानं मान टाकतात, बघवत नाही, तेव्हा कुठे पाणी सोडायचं. मग फुलांनी झाड पांढरं होतं. बागवाल्यांची पोरं एकसुरात म्हणाली, "बराबर हाय मॅडम." कपाशीवाल्यांची पोरं म्हणाली, "आमचं तं वाळून जाते." भांडण पेटलं. मॅडम ढिम्म. शेवटी अर्ध्या संगणकांवर पाणी दिलं, अर्ध्यांवर नाही. न दिलेली रोपं पडद्यावर मेली. बागवाल्यांच्या घरातली एक मुलगी किती तरी वेळ त्या मेलेल्या रोपाकडे बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, हे संत्र्याचं झाडच नाही ना. संत्र्याच्या पोटात शिल्लक असते. याच्या पोटात काय हाय?"

"शाबास," मॅडम म्हणाल्या. डस्टर नव्हतं, म्हणून त्यांनी चप्पल आपटावी तसा पाय आपटला. तो तास संपल्यावर मुलं बाहेर जायला तयार नव्हती. आयुष्यभर शिकवून असा एक तास मला मिळाला असता तर मी पेढे वाटले असते.

वर्षाच्या शेवटी कंपनीची माणसं पाहणीला आली. मुलं धडाधड बटणं दाबून प्रयोग करत होती. साहेबांनी मॅडमचा आवाज ऐकवला, त्यांना तो फार पसंत पडला. गावचा आवाज, घरचा आवाज, असं ते म्हणत होते. शेवटपर्यंत एकही रेकॉर्डिंग कोणी ऐकलं नाही. त्यांनी मॅडमना शाल दिली, तो आवाज त्यांच्या प्रणालीत पक्का बसवला, त्याला पासवर्ड घातला आणि आणखी शाळांनाही पाठवला.

उन्हाळ्यात संस्थेची बैठक झाली. मॅडमची नेमणूक पहिल्यापासून तात्पुरतीच होती, दरवर्षी नव्याने व्हायची, आणि ती होणारच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. या वर्षी झाली नाही. प्रयोग आता मुलं आपले आपण करतात, धडे भोयर सर घेतील, लॅब तेच चालू करून देतील. लॅब चालू कशी करायची हे भोयर सरांना मॅडमनीच शिकवलं होतं. आम्ही पाचसहा जण साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "मी सांगून थकलो. वरून विचारतात, बिना मॅडमचं चालते का? चालते, मी काय नाही म्हणू?" आम्ही चहा पिऊन परत आलो.

मॅडमनी आकांडतांडव केलं नाही. "लॅब बंद नाही पडली ना, बस," एवढंच म्हणाल्या. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथे कोचिंगच्या पाट्या वाढल्या होत्या, त्यातल्या एकात त्या लागल्या. सौंसरहून रोज बसने जाणं-येणं. तिथे मुलांना चार पर्यायांतून एक निवडायला शिकवतात. चूक बोलून गप्प उभं राहायला तिथे कोणाला वेळ नव्हता.

सहामाहीच्या परीक्षेनंतर भोयर सर पेपर तपासता तपासता माझ्याजवळ आले. "तुमी हिंदीवाले, पण एक सांगा. झाडं फक्त रात्रीच श्वास घेतात का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग पूर्ण नववीनं हेच काहून लिहिलं? अन् रोपाले पाणी नाही द्याचं, हे बी सगळ्याईनं."

दोन्ही वाक्यं माझ्यासमोरच रेकॉर्ड झाली होती. नववीची मुलं शाळेत नवी होती. त्यांनी मॅडमना कधी पाहिलंच नव्हतं. मी विचारलं, प्रयोगात रोप मरतं तेव्हा मुलं काय म्हणतात? भोयर सर म्हणाले, "म्हणतात, आमच्यानंच बटन गलत दबलं असंन."

त्या आठवड्यात सौंसरच्या बसस्टँडवर मॅडम भेटल्या. सांगावं की नाही असा विचार करत होतो, पण त्यांनीच लॅबचं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांची बस लागली, भरली आणि निघून गेली, त्या चढल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तं तिथंच राहणार होती ना सर."

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. साहेबांनी बसवलं, पाणी मागवलं. मी सोबत होतो.

"सर, मले एक दिवस लॅब द्या. मी सगळं पुन्हा बोलून देते. दुरुस्ती करून."

"पासवर्ड आपल्याजवळ नाही मॅडम. अन् चूक कशी म्हणता? आवाज तं तुमचाच हाय."

"मी मुद्दाम चुकली होती."

साहेबांनी चष्मा काढला. "मतलब, वर्गातलं ते खोटं तुमी रेकॉर्डमध्ये बी टाकलं?"

"हाव. पोट्टे पकडतीन म्हणून."

साहेबांनी उठून दार लोटलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, हे मले सांगतलं ते सांगतलं. बाहेर बोलू नका. पुढच्या वर्षी तुमचं नाव पाठवाचं माझ्या मनात हाय. कोनी ऐकलं तं म्हणतीन, बाई गलत शिकवत होत्या." ते मनापासून सांगत होते, आणि म्हणूनच त्यावर काही उपाय नव्हता. मॅडम म्हणाल्या, मग मी आठवड्यातून एकदा येऊन वर्गात नुसती बसते, काही नको मला. साहेब म्हणाले, बाहेरच्या माणसाला वर्गात बसवता येत नाही. बाहेरच्या हा शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि त्यांनाच तो लागला. त्यांनी पुन्हा पाणी मागवलं.

कंपनीला फोन केला. तक्रार नोंदवली आहे, असं एका मुलीने गोड आवाजात सांगितलं. पुढच्या वेळी दुसऱ्या मुलीने तितक्याच गोड आवाजात तेच सांगितलं. मॅडमनी भोयर सरांना सगळ्या चुका तोंडी समजावल्या. सरांनी प्रयत्नही केला. पण रसायनाचा माणूस, दोन वर्ग एका वेळी सांभाळणारा. एकदा त्यांनी भलत्याच जागी रेकॉर्डिंग थांबवून, जे बरोबर होतं तेच चूक आहे असं ठासून सांगितलं. त्यानंतर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "मी आता नुसतं चालू करून देतो न जातो. माझ्यानं आणखी बिघडून राहिलं."

मॅडमना मी शाळेत शेवटचं पाहिलं ते हिवाळ्यात. सगळे प्रयोग दुरुस्त करून, नव्याने बोलून, त्यांनी पेन ड्राइव्हमध्ये भरून आणले होते. कोचिंगला अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आल्या होत्या. साहेब संस्थेच्या लोकांबरोबर बसले होते, म्हणून त्या बाहेर बाकावर थांबल्या. तो बाक लॅबच्या दाराला लागून आहे. माझा तास रिकामा होता, मी शेजारी जाऊन बसलो. वडिलांचं विचारलं, त्यांनी सांगितलं. तेवढ्यात भोयर सर आले, मॅडमना बघून ओशाळले, नमस्कार केला, आत जाऊन नववीला लॅब चालू करून दिली आणि दहावीच्या वर्गाकडे निघून गेले.

आतून मॅडमचा आवाज यायला लागला. बाहेर त्या स्वतः बसलेल्या आणि आत त्या शिकवत होत्या, उत्साहाने, जरा घाईने, पंखा बंद असलेल्या खोलीत बोलत होत्या तशा. "पानं मलूल झाली? घाबरू नका. पाणी देऊ नका. जितका ताण देसान, तितकं झाड फुलीन."

आणि आवाज थांबला.

मॅडम बाकाच्या कडेला सरकल्या आणि दाराकडे वाकल्या. आत पंखा फिरत होता. पन्नासेक मुलं असतील, कोणी खोकलं, कोणाचा तरी बाक सरकला. पेनं कागदावर चालल्याचा आवाज स्पष्ट येत होता. मॅडमनी माझा हात धरला होता, हे मला नंतर कळलं. त्यांचे ओठ हलत होते. आत कोणी काही बोललं नाही.

मग आतून मॅडमचाच आवाज आला, "शाबास."

प्रयोग पुढे सुरू झाला. मॅडमनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला, साहेबांना द्या म्हणाल्या, आणि पांढुर्ण्याची बस पकडायला गेटाकडे चालू लागल्या.